काकूंच्या बाजूचा फोम

माझ्या विमानाला हसताय ना, मग हे ऐका. नेरे गावात हौसाकाकूंच्या पिठाच्या गिरणीशेजारी त्यांचीच एक शेड भाड्यानं घेऊन मी दोन जणांचं विमान बांधतोय, ते तुम्हाला माहितीये. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शेड घे, पन मला त्या विमानात बस म्हनू नको."

आवाज आत येऊ नये म्हणून तीन महिने, दर शनिवार-रविवार, मी केबिनला आतून फोम चिकटवला. गेल्या रविवारी विमान दोरखंडानं बांधलं, आत बसून दार लावलं आणि इंजिन सुरू केलं. आहाहा! नुसती पंख्याएवढी घरघर. तेवढ्यात पिठानं पांढऱ्या झालेल्या काकू गिरणीतून धावत आल्या आणि हात हलवायला लागल्या. मला वाटलं, कौतुक करतायत. मीही हात हलवला. तशी त्यांनी मागच्या बाजूनं येऊन दारावर चप्पलच हाणली.

मी इंजिन बंद केलं.

"आरं, ठोका चुकतोय त्याचा! मला चालू गिरणीत ऐकू आलं, तुला आत बसून न्हाई?"

बघतो तर इंजिनाच्या एका स्पार्क प्लगची वायर निसटायला आलेली. हवेत निसटली असती तर?

"काकू, ऐकू येऊ नये म्हणूनच तर फोम लावला."

"मंग डाक्टरनं कानात बोळे घालून छाती तपासायची व्हय?"

वायर घट्ट बसवली. इंजिन एकसारखं चाललं. ते बंद केल्यावर काकू पदराचं पीठ झटकत आत डोकावल्या आणि माझ्या शेजारच्या सीटकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या बाजूचा फोम काढून टाक."

"का?"

"हितं मी बसनार हाय."