आडखिंडीतला सूर

ऐका. पण आधी तो रेडिओ बंद करा. वाजवणाऱ्याची गोष्ट आहे, मधे दुसरं वाजलेलं मला खपायचं नाही. आणि हौसा, तू पुढं सरक. मागं बसतेस आणि मग "काय म्हणलासा?" करतेस. आडखिंडीचं मी एकदाच सांगणार.

केरबा गुरव. मुरगुशीचा. सनई वाजवायचा. मोठा कलावंत वगैरे काही नाही हो, पंचक्रोशीतला वाजंत्री. पण फुंक अशी, की पंगतीतला वाढपी भाताचं घमेलं हातात धरून उभाच राहायचा. आता सनई एकट्यानं रंगत नाही, एवढं ध्यानात ठेवा. एकजण गाणं वाजवतो, दुसरा मागं बसून नुसता सूर धरतो. त्याच्या हातातल्या साध्या सनईलाही सूरच म्हणतात. एकच सूर. गालात हवा भरायची, नाकानं श्वास ओढायचा, पण सूर तुटू द्यायचा नाही. आणि रीत अशी, की पुढच्यानं सनई कपाळाला लावल्याशिवाय मागच्यानं थांबायचं नाही. जीव गेला तरी नाही.

केरबाच्या मागं सूर धरायचा त्याचा मेव्हणा शिदू. बायकोचा, गोदाचा, पाठचा भाऊ. चौदा वर्षं धरला. मग शिदू गेला. छातीच्या दुखण्यानं गेला म्हणतात. केरबाही तसंच सांगायचा.

त्यानंतर तीन वर्षांनी. चैत्र होता. केरबा तांबुळ्याला लग्नात वाजवायला गेला. वरात रेंगाळली, जेवणं रेंगाळली, दहा वाजून गेले. आणि पहाटे मुरगुशीत भैरोबाची पालखी! सनईशिवाय पालखी उठत नाही. नवा सूरवाला दगडू म्हणाला, "अण्णा, रातचं आडखिंडीनं नगं. सडकंनं जाऊ."

"सडकंनं कोसभर वळसा पडतुया. पालखी काय तुझा बा उठीवनार?"

दगडू काही हलला नाही. केरबा निघाला. पिशवीत सनई, पिशवीत सूर. एकटा!

चढ लागला. अंधार मिट्ट. बॅटरी पिवळी पडलेली. झाडं हालंनात, कुत्रं भुंकंना. अशा वेळी माणूस मनातच बोलत चालतो, तसा केरबा जुनी ठिकाणं आठवत निघाला. कुठंकुठं वाजवलं आपण! आणि धीर यावा म्हणून त्यानं सनई काढली. दोन फुंका मारल्या.

मागून सूर आला.

केरबाला वाटलं, खिंड आहे, घुमतंय. तो थांबला. सूर थांबेना! पिशवीत हात घातला. पिशवीत सूर नाही! आणि ऐका, आणखी एक. सूर धरणाऱ्याचा नाकानं श्वास ओढलेला ऐकू येतो. सूं... सूं... असा. इथं तो नव्हता. नुसता सूर. मधे श्वासच नाही.

"दाजी, थांबू नगा."

शिदूचा आवाज! तोंडात सूर, तरी बोलतोय. कसा बोलतोय? मला काय विचारता? मेलेल्याला काय अवघड आहे?

"दाजी, टुरिंग टाकीच्या दारातलं वाजवा की."

केरबा पळाला का? नाही पळाला. भीती तर होतीच, पण त्याहून जास्त त्याला बरं वाटलं. तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा माणसं गोळा व्हावीत म्हणून दोघं दारात वाजवायचे आणि नंतर पडद्याच्या मागच्या बाजूनं फुकटात उलटा सिनेमा बघायचे. हे आता कुणाला आठवतं? दगडूला काय ठाऊक? त्यानं वाजवलं. वाजवलं तर काय! पुढं दिवे लागले. तंबूचं कापड हाललं. तळलेल्या भज्यांचा वास आला.

"आता नगारखान्यातलं!"

वाजवलं. पायाखाली दगडी पायऱ्या आल्या. पारव्यांच्या विष्ठेचा वास, खाली देवळाचं अंगण. तिथं बसून दोघांनी नऊ रात्री वाजवलं होतं. केरबा पायऱ्या चढत गेला.

"साकर कारखान्यातलं!"

तिथं पहिली मोळी टाकताना भोंगा झाला होता आणि यांची सनई कुणालाच ऐकू आली नव्हती. दोघं हसून हसून लोळले होते. आत्ताही भोंगा झाला. मागं शिदू हसला. केरबाही हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. म्हणाला, "शिदबा, तुझ्यावाचून मजा न्हाई रं."

आणि हे सगळं होताना पायाखालची वाट कधी सुटली, ते त्याला कळलं नाही.

"आता पालखीतलं, दाजी."

केरबाचं हसू विरलं. कारण तीन वर्षांपूर्वीची पालखी, शिदूची शेवटची. अंगात ताप, छातीत घरघर, तरी सूर धरायला बसला. केरबाला त्या दिवशी असं साधलं होतं, की लोक मागं सरेनात. टोप्या उडवत होते. शिदूनं मागून सदरा ओढला. दोनदा. केरबाला कळलं. सगळं कळलं. पण सनई कपाळाला लावली नाही. पालखी देवळात जाईस्तोवर वाजवत राहिला. आठव्या दिवशी शिदू गेला.

"ते नगं, शिदबा."

"बरं. मग आज मी वाजवतो. तुम्ही सूर धरा."

आणि केरबाच्या हातात सनई नव्हती. सूर होता! तोंडाला लागलेला! पुढं पाठमोरा शिदू, लग्नात वाजवताना घालायचा तोच पिवळा सदरा, हातात सनई. वाजवायला लागला. अहो, काय वाजवत होता! चौदा वर्षं मागं बसून ऐकलेलं सगळं त्या पोराच्या पोटात होतं. एकदाही कुणी त्याला पुढं बसवलं नव्हतं.

केरबानं सूर धरला. रीत ती रीत. एक घटका गेली. गाल भरून आले. दुसरी गेली. छातीत कळ आली. तोंडातून सूर काढायला जावं, तर हात उचलेना. शिदू कपाळाला सनई लावंना! केरबानं कसाबसा हात पुढं केला, त्याचा सदरा ओढला. एकदा. दोनदा. शिदूनं वळून बघितलं नाही. चारी बाजूंनी वाहवा, टाळ्या. माणूस एक नाही, नुसत्या टाळ्या! आणि शिदू वाजवत पुढं सरकतोय, मागोमाग केरबा. डोळ्यांपुढं काजवे. आता फुंक नाही. आता संपलं.

तेव्हा त्यानं काय केलं? सूर धरणाऱ्यानं जन्मात करू नये ते केलं. सुराच्या तोंडाला फुंकायची पानाची पत्ती असते, ती दातांनी चावली. कचकन! ओठ फाटला, पत्ती फाटली, सूर तुटला.

टाळ्या बंद. दिवे बंद. शिदू वळला. तोंड बघितलं का, म्हणता? बघितलं. रागाचं नव्हतं ते. दमलेलं होतं. "दाजी," म्हणाला, "असं तुटतंय व्हय? मला ठावंच न्हवतं."

केरबा तिथंच कोसळला.

पहाटे दगडू शोधत आला. केरबा दगडाच्या खाणीच्या काठावर पालथा. एक पाय खाली लोंबतोय. खाली साठ हात खोल. सदरा रक्तानं भरलेला.

त्याला घरी आणलं. गोदा त्याचं तोंड पुसत बसली. पालखी त्या वर्षी सनईशिवाय उठली. दुपारी केरबाला बोलता आलं, तसा रडायलाच लागला. म्हणाला, "गोदे, तीन वर्सं तुला सांगितलं न्हाई. त्या पालखीत शिदूनं मागनं माझा सदरा दोनदा वढला हुता. मी थांबलो न्हाई."

गोदानं फडकं पाण्यात पिळलं. परत ओठावर ठेवलं.

"तीनदा," ती म्हणाली. "मी पालखीमागंच हुते. आरतीचं ताट हुतं हातात."

त्यावर पुढं काही बोलली नाही ती. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. केरबा अकरा वर्षं जगला, तिच्या हातचं जेवला, सनईला हात लावला नाही.

म्हणून सांगतो, तांबुळ्याहून येताना सडक धरा. कोसभर वळसा पडतो, पडू दे. चांदणं असलं तरी आडखिंड नको, चौघं असलात तरी नको. आणि गेलातच, मागनं सूर आलाच, तर गाऊ नका, शीळ घालू नका, कुणी नावानं हाक मारली तर ओ देऊ नका. झालं. उठा आता. बाहेर जायचं असेल त्यांनी दोघं-दोघं जा, आणि दार नीट लावून घ्या.