पाणी शे, पाणी नही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय जीवराम आबा, व्यासपीठावरील प्राचार्या डॉ. कामिनी महाजन मॅडम, सत्कारमूर्ती सुपडू भाऊ, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या टोकाशी संकोचून बसलेल्या बेबाबाई, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी आणि मेहरूणहून खास टेम्पो करून आलेली सुपडू भाऊंची अख्खी गल्ली, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी अभिमन चौधरी. गेली चौदा वर्षं इथं बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. मला पाच मिनिटं दिली आहेत. ज्या माणसानं एकतीस वर्षं मोजूनमापून काम केलं, त्याच्या निरोपाला वक्त्यानं मापाबाहेर जाऊ नये, हे मला कळतं. पण आज थोडा जाणार आहे. आबा, परवानगी आधीच मागून ठेवतो.

सुपडू भाऊ मूळचे धुळ्याकडचे, शिक्षण सातवी. आमच्या तराजूच्या खोलीत त्यांचा एकच कायदा: वजन करताना पंखा बंद. एप्रिल महिन्यात, जळगावात, पंखा बंद करा म्हणायला काय छाती लागते, हे मी तुम्हाला काय सांगावं? एकदा आबाच पाहणीला आले आणि आल्या आल्या त्यांनी बटण दाबलं. सुपडू भाऊंनी वर न बघता सांगितलं, "आबा, पंखा बंद करा. वजन हालस." आणि आबा घाम पुसत उभे राहिले. आबा हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय. बेबाबाई मला मघाशी सांगत होत्या की घरी वरणात मीठ टाकतानासुद्धा हे चमचा बोटानं सपाट करतात. आता उद्यापासून दिवसभर घरी असणार. बेबाबाई, तुम्हाला शुभेच्छा.

आमच्या कामाची वाटणी साधी होती. किती लिटर द्रावणाला किती ग्रॅम पदार्थ, हे गणित मी करायचं आणि चिठ्ठीवर लिहून द्यायचं. त्यांनी तोलायचं. चिठ्ठीवर जे लिहिलं, तेच बशीत. कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही.

मंडळी, आपल्यातल्या माजी विद्यार्थ्यांना अकरा वर्षांपूर्वीची बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आठवत असेल. धुळ्याहून परीक्षक आले होते. ऑक्झॅलिक आम्लाचं मापन होतं: ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंग आला की थांबायचं, किती मिलिलिटर लागले ते लिहायचं. बत्तीस मुलं होती. एकतीस जणांनी उत्तर लिहिलं दहा. फार तर त्यातल्या कुणी धीटपणा करून नऊ पूर्णांक नऊ. कारण दहा हा आकडा आमच्या कॉलेजात जुन्या जर्नलांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. ब्युरेट बिचारी नावापुरती.

एकटी पहूरची मयुरी लिहून बसली, चौदा.

परीक्षक म्हणाले, "अगं, अख्ख्या वर्गाला दहा, तुलाच चौदा कसे?" तिनं पुन्हा केलं, चौदा. पुन्हा केलं, चौदा. पोरगी रडकुंडीला आली. मीसुद्धा, तिचा शिक्षक, तिला म्हणालो, "बेटा, जरा नीट बघ." शेवटी परीक्षकांनी स्वतः ब्युरेट हातात घेतली. चौदा.

मग मात्र एकतीस चेहरे असे पडले की काय सांगू! त्यातले पाच-सहा आज इथं मागच्या रांगेत आहेत. माना खाली घालू नका रे, तुम्ही आता बापमाणसं झालात.

साहेबांनी विचारलं, "द्रावण कोणी बनवलं?" तेव्हा सुपडू भाऊ पुढे आले आणि चूक माझी आहे, असं आपल्या अहिराणीत कबूल करत म्हणाले, "साहेब, मी बनाडं. पोर बराबर शे. चूक मनी शे."

चूक काय होती? या आम्लाचे नेहमीचे स्फटिक पोटात पाणी घेऊन असतात. शंभर ग्रॅममध्ये जवळपास एकोणतीस ग्रॅम नुसतं पाणी. त्या वर्षी आलेली नवी बाटली बिनपाण्याची होती. दोन लिटरला नऊ ग्रॅम पुरे होते, पडले नेहमीचे बारा पूर्णांक सहा. द्रावण जवळजवळ दीडपट कडक झालं, म्हणून दहाचे चौदा झाले. मयुरीला तिचे गुण मिळाले, बाकीच्यांनी परीक्षा पुन्हा दिली. सुपडू भाऊंना मिळाला लेखी ठपका, आणि प्रयोगशाळा सहायक म्हणून ठरलेली त्यांची बढती त्या ठपक्यानं कायमची गेली. आजच्या निमंत्रण पत्रिकेवर बघा, परिचर असंच छापलंय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातल्या प्रत्येक बाटलीवर स्वतःच्या अक्षरात पट्टी चिकटवली. काहींवर 'पाणी शे', म्हणजे पाणी आहे, काहींवर 'पाणी नही'. तपासणी समितीनं विचारलं, ही कोणती भाषा? आम्ही सांगितलं, चूक न होऊ देण्याची. त्या पट्ट्या आजही आहेत.

इथपर्यंत तुम्हाला माहीत होतं. यापुढचं दोनच माणसांना माहीत आहे.

मागच्या आठवड्यात सुपडू भाऊंनी मला कपाटाचा चार्ज दिला. शेवटी वजनांची पेटी उघडली, मखमलीचा तुकडा उचलला आणि खालून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. 'ऑक्झॅलिक आम्ल, दोन लिटर, १२.६ ग्रॅम.' अक्षर माझं. खाली सही माझी. बाटलीवरचं लेबल न वाचता, सवयीनं गणित मी केलं होतं. त्यांनी फक्त तोललं होतं. परीक्षेच्या दिवशी ही चिठ्ठी त्यांच्या खिशात होती, तिचं टोक मला दिसत होतं, आणि मी गप्प उभा होतो. नंतरही गप्प राहिलो. अकरा वर्षं. मला लाज वाटते.

मी विचारलं, "भाऊ, तेव्हा का नाही दाखवली?" ते म्हणाले, "सर, तुमनी नोकरी कच्ची व्हती, मनी पक्की व्हती. बढती गयी, नोकरी तं नही ना गयी." आणि पेटीतली वजनं मोजून किल्ली माझ्या हातात दिली.

प्राचार्या मॅडम, हा माझा लेखी जबाब, सोबत ती चिठ्ठी. सुपडू भाऊंच्या सेवापुस्तकातला तो ठपका खोडून माझ्या पुस्तकात लिहावा, अशी भर सभेत विनंती करतो. बढती मी परत आणू शकत नाही. निदान कागद तरी खरा व्हावा.

आबा, मॅडम, आपण मला मापाबाहेर बोलू दिलंत, वरणगावहून रजा काढून आलेल्या मयुरीसह सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी आपला ऋणी आहे. भाषण आटोपताना वक्ते उणंदुणं पोटात घाला म्हणतात. मीही दरवर्षी तोंडपाठ म्हणत आलो. आज ते सभेला म्हणत नाही, एकाच माणसाला म्हणतो.

सुपडू भाऊ, तुम्ही तोललं ते बरोबर होतं. चूक मनी शे.