फुगलेली पाकिटं

कॅम्पातल्या पोस्टात चंदनाआक्कांच्या पुढं एक सासू-सून रांगेत उभ्या होत्या. फौजेतल्या किशनला लडाखला पार्सल पाठवायचं होतं.

"चिवडा कशाला घातलास, रक्षा? गेल्या खेपेचा नासला."

"न्हाय आत्या, सगळा खाल्ला त्यांनी."

"फोटोत पाकिटं फुगलीती की."

"तिकडं उंचावर हवा विरळ. बाहेरचा दाब कमी, म्हणून पाकिटातली हवा पसरती."

"मग त्याच्या छातीतली हवा गं?"

"छाती काय बंद पाकीट हाय व्हय? श्वास आत-बाहेर होतोय."

"मग काल फोनवर शब्दाशब्दाला थांबत का हुता?"

"रेंज न्हवती."

"रेंज न्हवती, तर धापा कशा ऐकू आल्या?"

रांग पुढं सरकली, तरी दोघी जागच्या हलल्या नाहीत. चंदनाआक्कांनी त्यांना पुढं व्हा म्हटलं नाही.