शिडाला लटकलेल्या सासूबाई

हाडांच्या डॉक्टरांकडे मनगट धरून बसलेल्या शिंपीमामांचे कान शेजारच्या सासू-सुनेकडे लागले होते.

“आई, ह्यांना काय सांगू?”

“सांग, बाथरूममध्ये घसरले, गुडघा सुजला.”

“आणि बाथरूममध्ये उन्हानं नाक भाजलं?”

“अगं, त्या विंडसर्फिंगच्या क्लासात फळीवर उभी राहून शीड ओढलं, की मी धपकन समुद्रात! अकरा वेळा. बाराव्यांदा शिडात वारा भरला आणि मी सुटलेच गं! सर किनाऱ्यावरून ओरडतायत आणि मी आपली खिदळतेय!”

“मग वळलात कशा?”

“वळायचं पुढच्या रविवारी शिकवणार आहेत.”

“अगंबाई! मग परत कशा आलात?”

“मासेवाल्यांच्या होडीतून. टोपल्यांच्या मधोमध, राणीसारखी!”

शिंपीमामांचा नंबर पुकारला गेला. ते जागचे हलले नाहीत.

“आई, ह्यांना सांगून ठेवते, पुढच्या रविवारी मीही बाथरूममध्ये घसरणार आहे.”