भाकरी थापायला बाई पाहिजे

माझं माहेर काष्टीचं. तिथला जनावरांचा बाजार तुमी बघितला असंल मास्तर, त्या बाजाराच्या कडंला माझा बाप चहा-भज्याचं पाल टाकायचा अन् माझी आई चुलीम्होरं बसून भाकरी थापायची, अन् मी आईच्या मांडीला मांडी लावून पीठ मळायची, म्हंजी मला अक्षर आलं न्हाई पन भाकरी आली, अन् अशी आली की बैल घ्यायला आलेली लांबलांबची मानसं बैल बघायच्या आधी इचारायची, पोरगी आलीय का आज. हे मी माझं कौतुक म्हनून सांगत न्हाई. पुढं जे सांगायचंय त्याला हे लागतं. भाकरीतलं मला कळतं. मानसातलं बी कळतं असं मला वाटत हुतं, ते काय खरं न्हाई.

लगीन झालं अन् मी नेवाशाकडं आले. आमचे मालक कारखान्याच्या गेटावर वॉचमन, लई गरीब सोभावाचे, चोराला बी या बसा म्हनतील असे. त्यांच्या वळखीनं कारखान्यातले एकटे-दुकटे कारकून घरी जेवायला यायला लागले, मग ट्रकवाले, मग तुमच्यासारके मास्तर, अन् बघता बघता ह्या फाट्यावर पत्र्याची खानावळ उभी राह्यली. माझं नाव कुनी घेत न्हाई, माझ्यापरीस म्हातारे ट्रकवाले बी मावशीच म्हनत्यात. समदं बेस चाललं हुतं अन् एक दिवस मी बैलगाडीतून पडले. हे बगा, हे उजवं मनगट, हाडवैद्यानं बांधलं पन वाकडंच बसलं. उचलायला येतं, ढवळायला येतं, पन थापायला गेलं की कळ पार खांद्यापातुर जाती. भाकरीच्या खानावळीत भाकरी करनारीचाच हात गेला, आता काय करता.

तवा बाई हुडकायला लागले. तुमाला वाटंल त्यात काय, खेड्यात भाकरी न येनारी बाई हाय का. मला बी तसंच वाटलं. पन मास्तर, पाटाचं पानी आल्याली गावं ही, ऊस, कांदा, लसूण, बायांना बारा म्हयने रानात काम, चार जनींत हसत-खिदळत काम करायचं सोडून धुरात डोळे चोळत कोन बसनार? तरी आल्या म्हना. एक आली, भाकरी झ्याक, पन बोलायला अशी की ट्रकवाल्याची एक भाकरी खाऊन होस्तोवर हिनं त्याच्या बायकोचं माहेर इचारून घेतल्यालं, मग तिचाच नवरा काठी घेऊन दारात उभा. एक आली ती सासूला घेऊन. सून थापायची अन् सासू शेजारी बसून सांगायची, जाड झाली, पातळ झाली, अन् जेवायला दोघी. मग मालकांनी नणंदेची पोरगी आनली, घरचीच हाय म्हनून. ती तवा तापायच्या आधी भाकर टाकायची अन् चिकटली की रडायला बसायची, तिला समजावू का गिऱ्हाइकाला समजावू.

अन् काही बायांना मी दारातूनच लावून दिलं. आधी गाव इचारायचे, मग आडनाव इचारायचे, ते कशाला इचारायचे ते तुमाला ठावं हाय. गिऱ्हाइकं इचारतात, भाकरी कुनाच्या हातची, म्हनून मी इचारायचे. का मलाच इचारायचं हुतं, आता काय सांगू तुमाला. त्यातल्या एखादीच्या हाताला चव असंलच की. आन् वर मीच समद्यांम्होरं रडायचे की चांगली बाई मिळत न्हाई.

एक डाव असंच झालं. नवी ठेवल्याली बाई न सांगता गेली, पीठ तसंच परातीत, बाहेर मानसं ताटं वाजवाय लागली. माझं डोकं फिरलं. मी म्हनले, लई माज आलाय ह्या बायांना, एकदा पोटाला चिमटा बसू दे, मग येतील आपल्या पायानं दारात. मालक दारातच हुते, ते म्हनले, अगं असं बोलू न्हाई. मी म्हनले, बोलनार.

पुढच्या साली पाऊसच आला न्हाई.

आता माझ्या बोलन्यानं ढग माघारी गेले असं न्हाई, एवढं मला बी कळतं. अख्ख्या मुलखात दुस्काळ पडला, माझ्या तोंडाची एवढी ताकद असती तर मी मनगट न्हाई का सरळ करून घेतलं असतं. पन माझ्या तोंडून ते गेलं हुतं, अन् मग तसंच झालं, दिसलं ना डोळ्यांनी. तिकडं तिसगावाकडची, पाथर्डीकडची मानसं, घराला कड्या घालून, जनावरं सोडून ह्या अंगाला आली, रस्त्याच्या कामावर खडी फोडाय लागली. फाट्यापसून बघितलं की नुसती पालंच पालं. अन् त्यातल्या बाया माझ्या दारात यायला लागल्या. मावशी, बाई पाहिजे असं ऐकलं. मावशी, भाकरी करीन, भांडी घाशीन. आदल्या साली पाय धरले तरी बाई मिळत नव्हती, अन् आता दारात रांग.

मला आनंद झाला मास्तर. खोटं कशाला बोलू. लोकांच्या हिरी आटल्या अन् माझी अडचन सुटली म्हनून मला आनंद झाला.

मी परीक्षा घ्यायला लागले. तवा रेशनात ती तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिचं पीठ असं की भाकर उचलाय गेलं की तुकडं हातात. ती जिला जमंल ती खरी. मी पाटावर बसायची, मामलेदारासारखी, अन् एकेकीला पीठ द्यायची, म्हनायची, दाखव बाई करून. त्या दाखवायच्या. झाल्याल्या भाकरी टोपल्यात पडायच्या अन् टोपलं गिऱ्हाइकाच्या पंगतीत जायचं, अन् त्या बायांना मी म्हनायची, उद्या सांगते. उद्या नव्या बाया यायच्या. मग माझ्या ध्यानात आलं की परीक्षा चालू ठेवली तर बाई न ठेवताच भाकरी हुतात. तरी मी चालू ठेवली, पुढचा बाजार येस्तोवर. अन् दुसरं बी एक हुतं, त्याची जास्त लाज वाटती, इतक्या बाया माझ्या तोंडाकडं बघत बसल्यात हे मला गोड वाटत हुतं. त्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या मास्तर, त्या टोपल्याकडं बघत हुत्या. मी चुलीम्होरल्या बाईला भाकरीचा तुकडा बी दिला न्हाई. माझी आई असती तर तिनं पळीनं मारलं असतं मला.

अशात सरू आली. सरूबाई, तिसगावच्या पलीकडल्या वस्तीवरची. नवरा खडीवर, म्हातारी सासू अन् दोन पोरं पालात. हडकुळी, बोलनं कमी, मला पहिल्यापसून आक्का म्हनाय लागली. तिनं काय केलं, पानी कढत करून घेतलं, पीठ त्यात जरा उकडल्यासारखं केलं अन् मग मळलं, अन् त्या मिलोची भाकरी अशी फुगली की मी पाटावरून उठले. तरी मी तोंडावर काय दाखवलं न्हाई. समद्या भाकरी झाल्या, मग तिनं परातीत तांब्याभर पानी टाकलं, हातानं कडंकडंनं समदी परात धुतली, बोटं धुतली, अन् ते पांढरं पानी परात तोंडाला लावून पिऊन टाकलं. मी म्हनले, हिलाच ठेवायची. पिठाचा कन वाया घालवत न्हाई, अशी काटकसरी बाई मला कुठं मिळायची.

ते बघून मी तिला ठेवली. भाकरी बघून न्हाई, ते बघून.

सरू कामाला लागली अन् माझी खानावळ सुधरली. पगार हुता, वर जेवन, दोन भाकरी अन् कालवन. ती हितं कधीच जेवली न्हाई. मी म्हनायची, खाऊन जा गं, ती म्हनायची, पालात बसून खाते आक्का, समदी संगं असत्यात. मला वाटलं लाजती गिऱ्हाइकांना. भाकरी फडक्यात बांधायची, कालवन डब्यात घ्यायची, अन् निघायच्या आधी परात धुवून ते पानी प्यायची, रोज, न चुकता. मी पंगतीत समद्यांना सांगायची, आमच्या सरूला ताक लागत न्हाई, पिठाचं पानीच लागतं, अन् लोक हसायचे, ती बी पदर तोंडाला लावून हसायची. तुमी बी असाल तवा, आठवतंय का बगा.

मग पाऊस आला. लोक पालं मोडून घराकडं निघाले. सरूचा नवरा सासूला अन् पोरांना घेऊन म्होरं गेला, अन् ती म्हनली, आक्का, मला बी जायला पाहिजे, पेरायचंय. मी म्हनले, मला एकटीला सोडून जातीस व्हय, नवी बाई मिळंपर्यंत थांब. ती थांबली, एकटीच पालात राह्यली, जेवन बी तिकडंच न्यायची. मी नवी बाई बघते बघते म्हनले अन् बघितलीच न्हाई. खुरपनी गेली, पोळा गेला, ती रोज इचारायची, मिळाली का बाई? मी म्हनायची, अगं कुठं मिळती. दसऱ्याच्या आधी एक दिवस ती आली ती गठुडं घेऊनच आली, म्हनली, आता ज्वारी पेरायची, आता न्हाई थांबता यायचं. माझ्या पाया पडली अन् गेली. जाताना चुलीम्होरची जागा सारवून गेली.

पुन्हा तेच सुरू. बाई मिळंना. पाटाला पानी, रानात कामं, अन् धुरात कोन बसनार. मग मी ठरवलं, आपन जावं अन् सरूला घेऊन यावं. पगार वाढवू, ऱ्हायला खोली देऊ, नवऱ्याला कारखान्यात चिकटवायला मालकांना सांगू. असा समदा इचार करून ह्या होळीच्या सुमाराला यष्टीनं गेले तिसगावाला, अन् तिथून पायी वस्तीवर.

सरू दारातच उपनीत हुती. मला बघून सूप टाकून पळत आली. नवी ज्वारी निघाल्याली, दारात मोत्यासारखी रास. सासूनं घोंगडं हातरलं. सरू म्हनली, आक्का, जेवल्याबिगर बोलायचं न्हाई. चुलीम्होरं बसली, थापली, पहिली भाकर तव्यावरून निघाली ती माझ्या ताटात, वर लोन्याचा गोळा. माझ्या ताटात, पहिली. माझ्या त्या परीक्षेची मी तिला आठवन करून दिली न्हाई अन् तिनं बी दिली न्हाई, तिच्या मनात बी नसंल काय. पोरं जेवली, सासू जेवली, सरू बी जेवली, माझ्याम्होरं बसून, पोटभर, मी तिला जेवताना पहिल्यांदा बघितलं.

जेवन झालं. मी मनात बोलनं जुळवत हुते, आता खोलीचं काढावं, मग नवऱ्याच्या नोकरीचं. सरूनं परातीत पानी टाकलं, हातानं कडंकडंनं धुतली, तशीच, माझ्याकडं धुवायची तशीच. अन् उठली, अन् ते पांढरं पानी शेळीच्या घमेल्यात वतलं.

मी म्हनले, सरू, पेली न्हाईस?

ती हसली. म्हनली, आता कशाला आक्का.

मास्तर, एवढंच बोलली ती, आन् शेळीची पाठ खाजवत उभी राह्यली. अन् मी इतके दिवस काय बघत हुते? भाकरी पालात जायच्या, त्या सासूला अन् पोरांना पुरायच्या का न्हाई देव जाने, अन् चुलीम्होरं दिवसभर भाकरीच्या चळती लावनारी बाई परातीच्या पान्यावर घरी जायची. अन् मी पंगतीत तिची गंमत सांगत हुते. काटकसर म्हनत हुते मी त्याला. भाकरीवर डाग पडला तर मला लांबून दिसतो, अन् हे माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्यालं दिसलं न्हाई.

खोलीचं काढलं न्हाई, नोकरीचं काढलं न्हाई. सरूनं इचारलं, कशाला आल्ता आक्का? मी म्हनले, तुला बघाया. तिनं नव्या ज्वारीचं गठुडं बांधून दिलं, नको म्हनले तरी दिलं. यष्टीत मांडीवर घेऊन आले. आल्यावर मालकांनी इचारलं, काय म्हनली? मी म्हनले, ती सुखात हाय, अन् चुलीम्होरं जाऊन बसले.

आता मीच थापते. डाव्या हातानं जमवते, उजव्याचा नुसता आधार. दोन-चार झाल्या की कळ निघती, मग जरा थांबते. बाया येतात मधून मधून, आता गाव न्हाई इचारत अन् आडनाव न्हाई इचारत, आधी ताट वाढते. परवा एक आली, ती जेवली अन् भाकरी बघून म्हनली, ह्या कुनी केल्या, अन् हसत हसत गेली ती परत आलीच न्हाई. जाऊ द्या. तुमी जेवा, आज बी कडा फाटल्यात, गोड मानून घ्या.

देवाम्होरं हात जोडते तवा आता एवढंच मागते, सरूच्या परातीचं पानी कायम शेळीच्याच घमेल्यात जाऊ दे. मला बाई न्हाई मिळाली तरी चालंल.