तिने शक्ती परत केली

हसू नका, पण परवा मला रात्रभर झोप लागली नाही, ती एका मालिकेमुळे. आमची ती उडणारी नायिका, अख्खं शहर वाचवणारी, तिने बाळासाठी आपली सगळी शक्ती परत करून टाकली! सासूबाई खूश. "बरं केलंन हो. पोर आधी."

"चुकलं तिचं!" लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना उलटून बोलले.

बोलले खरी, पण माझ्या लेकीसाठी, ओवीसाठी, शिक्षिकेची नोकरी मीही सोडलीच होती, आणि पावस गावच्या शाळेतून आलेल्या बोलावण्याला तीन दिवस उत्तर दिलं नव्हतं. पोर माझ्यावाचून रडून आजारी पडली तर?

सकाळी सासूबाईंसमोरच फोन लावला. "सोमवारपासून येते."

"आणि ओवीचं?"

"तुम्ही आहात ना!" हे मीच बोलले का, अजून शंका आहे.

मग ओवीला मांडीवर घेतलं. "आई आता रोज शाळेत शिकवायला जाणार. चालेल?"

"मग मला आजी भरवणार?"

"हो गं राजा."

"मग रविवारी पण जा."