दोधूभाऊंचा तापीचा पडदा

सभेचे अध्यक्ष श्रीमान हुकमीचंदशेठ, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, सतरंजीवर दाटीने बसलेल्या मायबहिणी, आणि मान खाली घालून बसलेले आमचे दोधूभाऊ,

मला बोलायला उभं केलंत, पण मी दोन बुकंही धड शिकलेलो नाही. धानोऱ्याच्या नाटक मंडळीत नकला उतरवता उतरवता जे अक्षर आलं ते आलं. तेव्हा सांभाळून घ्या.

दोधूभाऊ उद्याच्या गाडीने सुरतेला जातात. तिथल्या नाटक कंपनीत पडदे रंगवायला. आनंदाचीच गोष्ट. मग मला हे बोलणं जड का जावं? कारण त्यांना जावं लागतंय ते आमच्यामुळे.

दोन वर्षांमागे मानमोडीचा ताप आला, तेव्हा दिवाळीच्या नाटकाचा पडदा चावडीत ताणलेला होता. अर्ध्यावर तापी नदी उतरली होती, अर्धा कोरा. मी मंडळीचा कारभारी. तावातावाने म्हणालो, "दोधूभाऊ, गाव मरतंय आणि तुम्ही पाणी रंगवता?"

"आप्पा, मले नाडी समजत नही. मले हाईच येस."

पुढे शेठजींच्या दुकानातलं कापड संपलं. लढाईमुळे गाठी येईनात. मयतावर घालायला तर कोरं कापड हवंच. शेठजी, रागावू नका, चावडीतल्या पडद्याकडे बोट तुम्हीच दाखवलंत. कात्री मी धरली. कोऱ्या बाजूने मी कापत होतो, दुसऱ्या बाजूने दोधूभाऊ रंगवत होते. "आता तरी थांबा," म्हटलं.

"तुमनं काम थांबस का? मंग मन्हं का थांबाडतस?"

कोरं संपलं. जमनाबाईंची लेक गजरा गेली त्या दिवशी कात्री नदीला लागली. मी रंगाची बाजू वर धरली. जमनाबाई म्हणाल्या, "नही भाऊ, चित्र मझार करा. पोरले दखू द्या." मी रंगाची बाजू आत, पोरीच्या तोंडाकडे केली.

मग घरोघरी तेच. पडदा संपल्यावर लोक घरचं धोतर फाडून आणायचे आणि म्हणायचे, "दोधूभाऊ, दोन लाटा तरी काढा." त्या लाटांनी एक माणूस वाचला नाही. तरी मागत होते. का मागत होते? मला अजून सांगता येत नाही.

यंदा मंडळी पुन्हा उभी राहिली. दोधूभाऊंनी नवा पडदा केला, तापीचाच. होळीला मी दोरी सोडली. नदी दिसली मात्र, "मन्ही गजरा!" म्हणून जमनाबाईंनी हंबरडा फोडला. मग एकेक बाई उठली. कोण कुणासाठी रडतंय, कळेना. पडदा मीच गुंडाळला. नंतर दोधूभाऊंनी राजवाडा काढला, डोंगर काढला. तोच हात, तोच निळा रंग. माणसं खाली बघत नाटक ऐकायची. यात दोष कुणाचा? रडणाऱ्यांना गप्प कसं करू, आणि या माणसाला घरी कसं बसवू? मला दोन्ही जमलं नाही.

म्हणून शालीऐवजी होळीचा तो तापीचा पडदाच आम्ही त्यांच्या हवाली करतो आहोत. सुरतेच्या लोकांना ती नुसती नदी दिसेल.

शेठजींनी जागा दिली, आपण सगळे आलात, जमनाबाईही आल्या, त्याबद्दल हात जोडतो. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर सभेने पोटात घालावं. आणि दोधूभाऊ, तुमच्या चित्राकडे आम्हाला बघवलं नाही, तेवढं मात्र तुम्ही पोटात घाला.